गाडं बराबर असेल तर

दादाजीने फिल्टर डब्यात सोडला, झाकण ठेवलं आणि डबा कानाशी धरून हलवला. आत टकटक वाजलं. त्याने झाकण काढलं, फिल्टर उपसला आणि फळीवर बाजूला ठेवला.

"हाबी आखूड हाये."

भैयाजीचं हे मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान, चांद्याच्या बाजारपेठेतलं. दादाजी सकाळच्या रेल्वेने मूल गावाहून आला होता. जीपच्या इंजिनावरचा तेलाचा डबाच खोलून त्याने पोत्यात गुंडाळून आणला होता. इंजिनात फिरणारं तेल त्या डब्यात येतं, आतल्या फिल्टरमधून गाळलं जातं आणि परत जातं. फिल्टर नीट बसला नाही तर तेल त्याच्या कडेने कचऱ्यासकट तसंच पुढे जातं.

"आखूड तो आखूड," भैयाजी म्हणाला. "खाली एक वायसर टाकून देतो. चालते, भाऊ."

"चालते नको. बसाले पाह्यजे."

बाकावर सुकलू ड्रायव्हर बिडी ओढत बसला होता. तो हसला.

"भैयाजी, भाऊ फिल्टर नाई पाहून राह्यले. नवरी पाहून राह्यले. उंची झाली, आता चालून दाखव म्हणा तिले."

"नवरी परत करता येत नाई, सुकलू. म्हणून पाहून घेतो," दादाजी म्हणाला आणि दुसरा फिल्टर उचलला.

मागच्या कार्तिकात त्याच्या बायकोचं, गोकुळाचं, पोट दुखायला लागलं तेव्हा त्याने तिला जीपमध्ये घालून चांद्याच्या दवाखान्याकडे आणायला काढलं होतं. ती लढाईतली जुनी जीप, लिलावात घेतलेली. तिच्यातला फिल्टर असाच कोणीतरी चालते म्हणून बसवून दिला होता. अर्ध्या वाटेत इंजिन जाम झालं. गोकुळाला उतरवून बैलबंडीत निजवलं. बंडी दवाखान्याला पोचली तेव्हा डॉक्टरने तिचा हात हातात घेतला आणि लगेच खाली ठेवला.

इंजिन त्याने पुन्हा बांधून घेतलं होतं, पण जीप अंगणातून बाहेर काढली नव्हती. ती काढायची वेळ आली ती निरोपामुळे. त्याची एकुलती मुलगी कमळा अहेरीला दिली होती. तिला सातवा लागला होता आणि पहिलं बाळंतपण माहेरी करायचं होतं. मागच्या बाजाराला अहेरीकडच्या बांबूच्या लॉरीवरचा लच्छू आला. त्याच्याजवळ कमळाच्या सासूने, रुखमाबाईने, सांगून पाठवलं होतं, "गाडं बराबर चालत असन तं या. पोरीले धाडतो."

दादाजीच्या जीपला सगळं गाव गाडंच म्हणे. निरोप ऐकून त्याचे कान तापले. ते गाडं कुठे बंद पडलं आणि कोणाला घेऊन बंद पडलं हे अहेरीलाही ठाऊक होतं तर. त्याने लच्छूला काही विचारलं नाही. चहा पाजला, आणि लच्छू गेल्यावर पाना घेऊन जीपखाली शिरला.

दुसरा फिल्टर उंचीला बरोबर होता, पण मधलं भोक मोठं निघालं. दादाजीने तोही फळीवर ठेवला.

"वरच्या माळ्यावर पाहा, भैयाजी."

"वर काहीच नाई."

"पाहा तं खरं. मी बसून राह्यतो."

तो खरंच बाकावर सुकलूच्या शेजारी बसला, डबा मांडीवर घेऊन. गिऱ्हाइकं आली, गेली. कोणी पंख्याचा पट्टा नेला, कोणी दिव्याची काच. भैयाजीने दोनदा त्याच्याकडे पाहिलं. शेवटी कपाळावर हात मारून तो शिडी चढला. वरून धूळ खाली आली, मग एक दबलेला पुठ्ठ्याचा खोका.

दादाजीने त्यातला फिल्टर धोतराच्या सोग्याने पुसला आणि डब्यात सोडला. बोटाने ढकलला. हलला नाही. डबा उलटा केला. पडला नाही. झाकण बसवून, बोल्ट आवळून त्याने डबा कानाशी धरला. काही वाजलं नाही.

"झालं?" भैयाजीने विचारलं.

"झाकणाखालचं रबर नवं द्या."

"सासरा लई कडक हाये," सुकलू म्हणाला.

घरी आल्यावर त्याने डबा चढवला, नवं तेल घातलं आणि अंगणातच इंजिन चालू ठेवून खाली वाकून पाहत राहिला. थेंबही पडला नाही. तरी दुसऱ्या दिवशी अहेरीकडे निघाल्यावर त्याने प्रत्येक नाल्यापाशी गाडी थांबवली, बॉनेट उघडलं, डब्याला हात लावून पाहिला. जंगलात मोहाचा वास भरला होता. मोह वेचणाऱ्या बायका टोपल्या घेऊन बाजूला सरत. वैनगंगेला पाणी उतरलं होतं. वाळूत चाकं रुतू लागली तेव्हा तो उतरला, चाकांखाली पळसाच्या फांद्या टाकल्या आणि पार झाला. नदी चढायच्या आत पोरीला आणायचं, हे त्याने मनाशी धरलंच होतं.

रुखमाबाई अंगणातच मोह वाळत घालत होती. तिचा नवरा मागेच वारला होता, आणि मुलगा, म्हणजे कमळाचा नवरा, जंगलात लाकूडतोडीच्या कामावर होता. तिने पाय धुवायला पाणी आणून ठेवलं. दादाजीने तांब्याला हात लावला नाही. तो बॉनेट उघडून उभा राहिला.

"ईनबाई, इकडे या. पाहा."

ती आली. डोक्यावरचा पदर सावरून तिने इंजिनात डोकावलं.

"काय हाये हे?"

"फिल्टर. तेल गाळते. नवा टाकला, बराबर मापाचा. आता हे मंधात थांबत नाई. तुमी निरोप धाडला ना, गाडं बराबर चालत असन तं या."

रुखमाबाईने डब्याकडे पाहिलं, मग त्याच्या काळ्या झालेल्या नखांकडे.

"भाऊ, मी मोटारीचं नाई म्हटलं."

दादाजी बॉनेट धरून तसाच उभा राहिला.

"घरचं गाडं म्हटलं मी," ती हळू म्हणाली. "गोकुळाबाई गेली. घरात बाईमाणूस नाई. चूल कोण पेटवते, कसं चालून राह्यलं तुमचं, ते पुसलं होतं."

छपरीच्या दाराशी कमळा येऊन उभी होती. बापाशी नजर भिडताच ती मागे सरली.

"चूल मी पेटवतो," दादाजी म्हणाला.

"अन् भात?"

"करतो. पह्यले करपे. आता नाई करपत."

"बाळंतिणीले शेक कोण देईन? लेकराले आंग कोण धून देईन?"

त्याने वाळत घातलेल्या मोहाकडे पाहिलं.

"मले येत नाई ते सांगा. शिकन मी. पण माय नाई म्हणून पोरीले माहेर नाई, असं होऊ नका देऊ. मी तिले घेऊनच जाईन, ईनबाई."

रुखमाबाईने सुपातला मोह पसरून घेतला, सूप भिंतीला टेकवलं, आणि जीपला एक चक्कर मारून आली.

"मांगं बसाले जागा हाये का?"

"हाये. कमळाले पुढं बसवतो, मांगं धक्के लागतात."

"कमळे," तिने घराकडे तोंड करून हाक मारली, "गाठोडं बांधलं का?"

"बांधलं."

"आणखी एक बांध."

"कोणाचं, मामी?" कमळाने सासूला विचारलं.

रुखमाबाई कुंपणापाशी गेली होती आणि पलीकडच्या सोमारीला सांगत होती की कोंबड्या रोज सांजच्याले कोंडत जाजो, अन् लाल कोंबडी अंड्यावर बसली हाये, तिले उठवजो नोको.