वेचलेले चार बदल

आमच्या साहेबांना वेचायची भारी हौस. मुख्य प्रोग्रॅमला धक्का न लावता मी आठ महिने स्वतःच्या वेगळ्या शाखेवर, म्हणजे त्याच प्रोग्रॅमच्या माझ्या प्रतीवर, काम केलं, त्यातले शेवटचे सहा दवाखान्यात, बाबांच्या पलंगाशेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन. रोजचा बदल त्या-त्या तारखेला नोंदवला, बाबा गेले त्या दुपारचासुद्धा. असे दोनशे बारा बदल. साहेबांनी त्यातले चार उचलून मुख्य प्रोग्रॅमला चिकटवले आणि मला न विचारता सर्व्हरवरून माझी शाखाच पुसून टाकली.

"मर्ज करायचं होतं, सगळेच्या सगळे बदल एकदम घ्यायचे होते," मी म्हणाले. "सगळं एकमेकांवर उभं आहे. चार विटा काढून नेल्या म्हणजे घर नेलं का?"

"कामाचं तेवढं घेतलं," साहेब मान वर न करता म्हणाले. "पहिल्या महिन्यातले चार ठीक होते. बाकीचा इतिहास कुणाला हवाय?"

तळपायाची आग मस्तकात गेली. आणखी बोलले असते तर नोकरी गेली असती, म्हणून लॅपटॉप उचलला आणि भर दुपारी घरी आले.

दार बाबांनी उघडलं. जाऊन पाच आठवडे झालेल्या माणसाने मला पाहिलं आणि नेहमीसारखी पाठ फिरवली. नवऱ्याला सोडून मी या घरी परतले तेव्हापासून सहा वर्षं ते माझ्याशी असेच वागत आले होते, दवाखान्यात मात्र एका संध्याकाळी माझा हात धरून म्हणाले होते, "चुकलो गं, पोरी."

"आई, दवाखाना?" आतून आलेल्या आईला मी कसंबसं विचारलं.

"कुणाचा दवाखाना? वर्षभरात साधी शिंक नाही आली त्यांना. काहीतरीच बोलतेस."

मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला.

"बाबा, तुम्ही मला चुकलो म्हणाला होतात."

"मी? तुला?" ते आईकडे बघून हसायला लागले. "माझी चूक एकच, हिला शिकवलं."

आई चहा टाकायला आत गेली. मी तिथेच, त्यांच्यासमोर बसून लॅपटॉप उघडला. सर्व्हरवरची पुसली तरी लॅपटॉपवरची माझी शाखा शाबूत होती, दोनशे बाराच्या दोनशे बारा. त्या दुपारचा बदल यादीत अगदी शेवटी होता आणि तो मी दोनदा वाचला. एवढा एक वगळून बाकीचे घेता आले असते, पण मग मी आणि साहेब एकाच माळेचे मणी. बाबा अजून हसत होते. मी सगळे बदल घ्यायचं बटण दाबलं.

हसणं मध्येच थांबलं. आई चहाचे दोन कप घेऊन स्वयंपाकघरातून येत होती. ती दारातच थबकली, स्वतःच्या हातांकडे पाहत राहिली आणि मग एक कप आत ठेवून आली.