पॅसेजच्या टोकाची खोली

चौदा नोव्हेंबर, मंगळवार. सकाळपासून आभाळ राखाडी होतं, वारा पूर्ण पडलेला, आणि दोन्ही खिडक्या उघड्या टाकूनही घरात कालचाच उजेड शिल्लक राहिल्यासारखं वाटत होतं. अशा सपाट उजेडात पडद्यावर चकाकी येत नाही, बारीक कामाला दिवस चांगला, असं मनाशी म्हणत मिलिमीटर संगणकासमोर बसले. मिलिमीटर हे त्यांचं खरं नाव नव्हे. ज्या कचेरीत इमारतींचे नकाशे काढण्यात त्यांची उभी हयात गेली, तिथल्या मंडळींनी ठेवलेलं ते टोपणनाव. निवृत्तीनंतर हाक मारायला कुणी उरलं नाही, तेव्हापासून काही चुकलं की ते स्वतःच स्वतःला त्या नावाने रागावत.

समोरचा नकाशा मुलाच्या घराचा होता. मुलगा आणि सून दूरच्या शहरात घर बांधत होते, आणि घरचाच जाणकार असताना बाहेरच्याला कशाला सांगायचं, असं म्हणून मुलाने काम त्यांच्यावरच सोपवलं होतं. वर असंही म्हणाला होता की पॅसेजच्या टोकाची खोली तुमची. हवी तशी काढा, आणि घर झालं की सामान उचलून या. बायको गेल्यापासून मिलिमीटर एकटे राहत. तोंड उघडायचं ते जेवायला आणि दात घासायला, एवढाच काय तो त्याचा उपयोग उरला होता. घर त्यांनी सगळंच मन लावून काढलं, पण खरा जीव होता तो त्या खोलीत. पूर्वेला खिडकी, भिंतीशी पलंग, हात लांबवला की पोचेल असं पुस्तकांचं फडताळ, खिडकीपाशी एक खुर्ची.

त्या सकाळी घर सगळ्या बाजूंनी बघायचं म्हणून ते पडद्यावर फिरवत असताना खोलीच्या भिंती थरथरल्या, पाण्यात पडलेल्या प्रतिबिंबासारख्या, आणि दिसेनाशा झाल्या. पॅसेजच्या टोकाला दाराच्या जागी पांढरी सपाट भिंत उभी होती.

ते घाबरले नाहीत. यंत्र म्हटलं की बिघडणारच, आणि संगणकाचं जे काही त्यांना येत होतं ते असंच बिघाडांशी झटत, पुस्तकं चाळत, आपलं आपणच शिकलेलं होतं. चित्र उमटवायचं काम ग्राफिक्स कार्ड करतं, तेव्हा दोष तिथेच असणार. त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन कार्डाची मदत बंद केली. खोली परत आली, मात्र घर गुडघे धरलेल्या माणसाने जिना चढावा तसं अडखळत फिरू लागलं. मदत पुन्हा चालू केली. घर लोण्यासारखं फिरलं, खोली नाही. मग त्यांनी कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, नवा घातला, तो काढून जुना घातला. जुने नकाशे उघडून पाहिले. शाळा, गोदामं, एका दवाखान्याचा अवघड गोल जिना, सगळं कसं रेखीव दिसत होतं. मुलाच्या नकाशातल्या वस्तूंच्या यादीत खोलीची प्रत्येक भिंत हजर होती, लांबीरुंदीसकट. फक्त डोळ्यांना ती दिसत नव्हती.

तेव्हा त्यांनी एक साधी परीक्षा घेतली. खिडकीजवळची खुर्ची यादीतून धरून स्वयंपाकघरात नेली. तिथे ती दिसली, पायांसकट, पाठीच्या तिन्ही पट्ट्यांसकट. परत खोलीत ठेवली, नाहीशी झाली. मग सबंध खोलीच उचलून घराच्या दुसऱ्या टोकाला नेली, तर तिथली भिंतही आपसूक मिटून सपाट झाली. कार्डाला खोली काढता येत नव्हती असं नाही, ती कुठली हे जणू त्याला ठाऊक होतं. हा विचार मनात आल्याबरोबर त्यांनी संगणक बंद केला आणि दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

दुरुस्तीवाला तिसऱ्या दिवशी दुपारी आला. बोलका माणूस होता. कार्ड बाहेर काढून त्याने त्याच्या पितळी कडा खोडरबराने घासल्या, पंख्यातली धूळ उडवली, एवढी धूळ खाऊन माणूससुद्धा आंधळा होईल म्हणाला, आणि सगळं जागच्या जागी बसवून मिलिमीटरांच्याच खुर्चीत बसून नकाशा उघडला.

"काका, दिसतेय की खोली. झकास दिसतेय."

मिलिमीटर त्याच्या खांद्यामागून बघत होते. पांढरी भिंत.

"आणि हे खुर्चीतले गृहस्थ तर हुबेहूब तुम्ही," दुरुस्तीवाला म्हणाला आणि त्याने त्या कोऱ्या भिंतीवर बोट ठेवलं.

नकाशात माणूस घालायची सवय मिलिमीटरांना कधीच नव्हती. इमारतीच्या उंचीचा अंदाज यावा म्हणून कचेरीतले बाकीचे जण घालत, तेव्हा ते वाद घालत की माणूस हे काही माप नव्हे. त्यांनी शक्य तितक्या सहज स्वरात विचारलं, की चेहरा ओळखू येतो का.

"चेहरा कुठला? पाठ आहे ना आपल्याकडे. पण मान बघा की. आत्ता तुम्ही धरलीय तश्शी."

मिलिमीटरांनी मान सरळ केली. कार्डच बदलून टाका, असं त्यांनी सांगितलं. नवं कार्ड बसलं, दुरुस्तीवाल्याने घर गरागरा फिरवून दाखवलं, आणि आता ठीक आहे ना, असं विचारल्यावर त्या पांढऱ्या भिंतीकडे बघत ते हो म्हणाले. काय सांगणार? म्हातारा आता नसलेलं बघतो आणि असलेलं बघत नाही, हे मुलाच्या कानावर गेलं असतं तर त्याने आधी डॉक्टर पाहिला असता आणि मग, काळजीपोटीच, कदाचित दुसरी एखादी सोय. खोली हातची जाऊ द्यायची नव्हती. त्यांनी वस्तूंची यादी वरपासून खालपर्यंत पुन्हा तपासली. तिच्यात माणूस नव्हता. मग त्यांनी नकाशा पाठवून दिला.

रविवारी मुलाचा फोन आला. भिंतींना प्लास्टरची जाडी धरलीत ना, नाहीतर तुम्हाला तिथे झोप लागायची नाही, अशी त्याने नेहमीची थट्टा केली. मग सुनेने फोन घेतला. "बाबा, खोली बघून फार बरं वाटलं. तुम्ही आधीच राहायला आल्यासारखे दिसताय." मागून मुलगा म्हणाला, "पण वळून बघायला काय घ्याल? कुठूनही फिरवा, पाठच." मिलिमीटर हसले. हसायच्या ऐवजी बोलायला हवं होतं हे त्यांना फोन ठेवल्यावर कळलं.

पुढे फोन कमी झाले. भांडण नव्हतं, दुरावाही नव्हता. उलट मुलगा मोकळेपणाने बोले, फक्त मध्येच म्हणे की सकाळीच नाही का सांगितलं तुम्हाला. सकाळी कुणी काही सांगितलेलं नसे. एकदा सुनेने त्यांना खोकल्याचं औषध लागू पडलं का, असं विचारलं. त्यांना खोकला झाला नव्हता. बरं वाटतंय, असं त्यांनी सांगून टाकलं, कारण कुणीतरी विचारत होतं. नंतर फोन यायचेच थांबले, आणि यांनी केला तर तिकडून उचलला जाईना. माणसं कामात असतात, असं स्वतःला समजावत त्यांनी बॅग भरली.

सव्वीस मे, शनिवार. ऊन कडक, आभाळ स्वच्छ. बसमधून उतरून पत्ता विचारायची गरजच पडली नाही. लांबूनच त्यांना आपलं घर ओळखू आलं. खिडक्यांच्या ओळी, छज्ज्याची उंची, पायऱ्यांचा उतार, कुठे दोराभराचाही फरक नव्हता. त्यांनी घाम पुसला आणि बेल दाबली.

दार सुनेने उघडलं. अनोळखी वयस्क माणसाकडे पाहावं तसं तिने अदबीने पाहिलं.

"कोण हवंय आपल्याला?"

मिलिमीटरांनी आपलं पूर्ण नाव सांगितलं. तिचा चेहरा खुलला.

"हो, हेच घर. या ना, बसा. बाबा आत आहेत, बोलावते."

ती पॅसेजमधून टोकापर्यंत गेली. टोकाला पांढरी सपाट भिंत होती. सुनेने तिच्यावर बोटाने हलकेच टकटक केली आणि स्वतः एका बाजूला सरकून उभी राहिली, बाहेर येणाऱ्याला वाट द्यावी तशी.