भांडारासमोरचा मांडव

सक्करदऱ्याच्या रस्त्यावर लोकमंगल ग्राहक भांडार उघडलं, तेव्हा विणकर गल्लीतल्या बायका नुसत्या बघायला गेल्या होत्या. डाळ-तांदूळ पाकिटांत बांधून फळ्यांवर मांडलेले, आपल्या हातानं उचलायचे आणि बाहेर पडताना पैसे द्यायचे, असलं दुकान त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पुढं गल्लीतल्याच काही पोरी तिथं कामाला लागल्या. मागच्या खोलीत बसून धान्य निवडायचं, तोलायचं, पाकिटात भरायचं आणि पाकिटाचं तोंड मेणबत्तीच्या ज्योतीवर चिकटवायचं. गोदूबाईची सून मनकर्णा त्यांतलीच. सूत मिळेनासं झालं तसे गोदूबाईच्या घरातले माग बंद पडले होते. मुलगा गिरिधर उमरेडच्या कोळसा खाणीत लागला होता आणि रविवारी एसटीनं घरी यायचा.

मनकर्णाच्या शेजारी कौसल्या बसायची. ती नाल्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतली. नवरा वारलेला, घरी आई इंदूबाई. हात चपळ आणि जीभही. दिवसभर दोघींचं बोलणं चालायचं. पण भांडार सुटलं की एक नाल्याच्या अलीकडे वळायची, दुसरी पलीकडे. एकमेकींचं घर दोघींनीही पाहिलेलं नव्हतं.

ते त्र्याहत्तर साल. साखर आणि डालडा बाजारातून नाहीसे झाले होते. भांडारात कधीमधी माल यायचा, त्यातही तूट दिसू लागली. मॅनेजरनं हुकूम काढला की संध्याकाळी घरी जाताना प्रत्येक कामगाराची झडती होईल. पुरुषांची दारातच, बायकांची गोदामाच्या आडोशाला. आणि बायकांची झडती घेणारा चौकीदारही पुरुषच होता.

काही दिवस बायकांनी मान खाली घालून ते सोसलं. मग एका संध्याकाळी आडोशातून थापडेचा आवाज आला. कौसल्या पदर सावरत बाहेर आली आणि मागोमाग गाल धरून चौकीदार. दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं तिला दारातच सांगितलं, "तुझं काम संपलं. चोरांना इथं जागा नाही." हे ऐकलं आणि मागच्या खोलीतल्या बायका उठल्या. तोलणारे, हमाल, पैसे घेणारा शिकलेला पोरगा, सगळेच बाहेर आले. दुपारपर्यंत भांडारासमोर चार बांबू रोवून वर जुनं लुगडं ताणलेला मांडव उभा राहिला.

मनकर्णा घरी आली तेव्हा गोदूबाई ओट्यावर बसल्या होत्या. बातमी आधीच पोचली होती.

"थापड तिनं मारली, काढलं तिले. तू काहून काम टाकून आली वं?"

"सगळेच आले, आत्याबाई."

"सगळ्यांचं मले नोको सांगू. त्या वस्तीतल्या बाईपायी आपल्या घरची चूल कायले बंद करून राहिली?"

मनकर्णानं पायावर पाणी घेतलं. ती पाठमोरी उभी राहिली. मग तशीच म्हणाली, "तो हात माह्याबी अंगावरून फिरला, आत्याबाई. रोज. मी गप्प राहिली."

गोदूबाई उठल्या. आत जाऊन त्यांनी तांब्याभर पाणी आणलं, सुनेच्या हातात दिलं आणि चप्पल घालून बाहेर पडल्या.

गल्लीत गोदूबाईंचा शब्द चालायचा. बाळंतपणं, लग्नं, मयत, सगळीकडे त्या पहिल्या. आता त्या दारोदार फिरू लागल्या. "भांडाराची पायरी चढायची नाही. अन् सकाळी आपल्या भाकऱ्या टाकता, त्यात एक जास्त टाकजो." कोणी कारण विचारलं तर म्हणायच्या, "आपल्या पोरी तिथं बसल्या आहेत, अजून काय कारण पायजे?" सुनेचं नाव त्यांनी कुठंच घेतलं नाही.

गल्लीनं ऐकलं. लोक मीठसुद्धा लांबच्या बुधवारी बाजारातून आणू लागले. रिक्षावाले भांडाराकडे जाणाऱ्या सवारीला आधी समजावून सांगायचे, नाही ऐकलं तर अलीकडेच उतरवायचे. सकाळी भाकऱ्यांनी भरलेली टोपली डोक्यावर घेऊन गोदूबाई मांडवात यायच्या. नाल्यापलीकडून इंदूबाई यायच्या, भाकऱ्या, आंबाडीची भाजी आणि पिठल्याचं पातेलं घेऊन. त्या वस्तीतल्या लोकांनी विहारात बसून ठरवलं होतं की मांडव उठेपर्यंत एकानंही भांडारात पाऊल टाकायचं नाही.

जेवायची वेळ झाली की मांडवातले लोक न बोलता दोन बाजूंना सरकायचे. गल्लीतल्या पोरी गोदूबाईंच्या टोपलीभोवती, वस्तीतल्या बायका इंदूबाईंच्या पातेल्याभोवती. घोषणा एकत्र व्हायच्या, जेवण वेगळं. एक दिवस कौसल्या मनकर्णाला म्हणाली, "माह्यासाठी पगार सोडला तुमी. उपाशी राहायचीबी तयारी हाय. पण आमच्या पातेल्यातलं पिठलं चालत नाही, नाही का?"

ती हळूच बोलली होती, पण गोदूबाई मागेच बसल्या होत्या. मनकर्णानं उठून पातेल्यातलं पिठलं भाकरीवर घेतलं. गोदूबाईंनी मान दुसरीकडे फिरवली आणि त्या दिवशी त्या न जेवताच घरी गेल्या. रात्री सुनेला त्या एका शब्दानंही रागावल्या नाहीत. बोलल्याच नाहीत.

दिवाळी जवळ आली तसा मॅनेजरनं डाव टाकला. भांडारापुढं फळा लागला, साखर आणि डालडा आला आहे, कार्डावर मिळेल. त्याच दिवशी त्यानं गल्लीतल्या शालिकरामांना बोलावून घेतलं. शालिकराम विणकर सोसायटीचे अध्यक्ष, शहरात ओळखी असलेले. झडती बंद, सगळ्यांना कामावर परत घेतो, फक्त कौसल्या सोडून, असा मॅनेजरचा निरोप होता.

रविवारी मारुतीच्या देवळापुढं गल्लीची बैठक बसली. गिरिधरही घरी आला होता, तो मागं भिंतीला टेकून उभा होता. शालिकराम समजुतीच्या सुरात बोलले, "झडती बंद झाली. आपल्या पोरींची इज्जत राहिली. अजून काय पायजे गा? चौकीदारावर हात उचलला तिनं. तिचं तिच्या वस्तीवाले पाहतील. सणासुदीला लेकरांनी गोडाचं तोंड पाहू नये का?"

पुष्कळांनी माना हलवल्या. गोदूबाई बायकांत पुढं बसल्या होत्या. सगळे आपल्याकडे बघताहेत हे त्यांना कळत होतं. त्या उठल्या. खरं कारण सांगायचं तर सुनेची लाज चव्हाट्यावर येत होती. त्या उभ्याच राहिल्या. तेवढ्यात त्यांच्या मागून मनकर्णा बोलली.

"इज्जत कोणाची राहिली, काका? त्या आडोशात मीबी रोज उभी राहत होती. त्या माणसाचा हात माह्या अंगावरून फिरला अन् मी तोंड उघडलं नाही. या गल्लीतल्या एकीनंबी उघडलं नाही. तिनं मारलं म्हणून झडती बंद झाली. आता तिलेच बाहेर ठेवून आमी आत जाऊन बसायचं?"

काही बायकांनी पदर तोंडाला लावला. ज्या पोरी मनकर्णासोबत कामाला होत्या, त्यांनी खाली बघितलं. त्यांची घरची माणसं आता त्यांच्याकडे वेगळ्या नजरेनं बघू लागली होती. गिरिधर भिंतीपासून हलला आणि मागं न पाहता घराकडे निघून गेला.

मनकर्णा घरी पोचली तेव्हा तो पिशवी भरत होता.

"एसटी तर संध्याकाळची आहे," ती म्हणाली.

"सगळ्या गल्लीले सांगितलं. मले नाही सांगितलं."

"तुमाले सांगितलं असतं तर..."

त्यानं पुढचं ऐकून घेतलं नाही. मागोमाग आलेल्या गोदूबाई दारात वाट अडवून उभ्या राहिल्या. "थांब गा, माह्याशी बोल. मले माहीत होतं."

"मंग तूबी नाही सांगितलं," तो म्हणाला, आणि आईच्या कडेनं निघून गेला. दिवाळीला तो आला नाही.

बैठकीत काही ठरलं नाही, आणि न ठरवताच गल्ली फुटली. पहिल्या दिवशी एकच जण पिशवी लपवून भांडारात गेला. दुसऱ्या दिवशी रांग लागली. डबे हातात घेऊन उभे असलेले लोक रस्त्यापलीकडच्या मांडवाकडे बघायचं टाळत होते. मांडवातून घोषणा देणाऱ्या पोरींना त्या रांगेत आपले काका, आपल्या जावा दिसत होत्या. घोषणा बारीक होत गेल्या. गल्लीतल्या बहुतेक पोरींना घरच्यांनी मांडवातून उठवून नेलं, काहींना हाताला धरून.

गोदूबाई सकाळी टोपली घेऊन निघत, पण आता दारं उघडत नव्हती. एका घरातून आतूनच आवाज आला, "पीठ संपलं वं, गोदूबाई." जात्याचा आवाज मात्र रस्त्यापर्यंत ऐकू येत होता. त्या दिवशी त्या रिकाम्या हातानं मांडवात आल्या. उरलेली थोडी माणसं बसली होती. इंदूबाईंनी पातेलं उघडलं, सगळ्यांच्या हातावर भाकरी आणि पिठलं ठेवत त्या गोदूबाईंपाशी आल्या आणि थबकल्या. गोदूबाईंनी हात पुढं केला. इंदूबाईंनी वाढलं. कौसल्यानं या वेळी टोमणा मारला नाही.

दिवाळी झाल्यावर मांडव निघाला. झडती बंद झाली, ती कायमची. चौकीदाराला दुसरीकडच्या गोदामावर नेऊन बसवलं. कामगार परत गेले, पण कौसल्याला घेतलं नाही. मनकर्णाला मॅनेजरनं बोलावणं पाठवलं होतं, ती गेली नाही. पैसे घेणारा तो शिकलेला पोरगाही गेला नाही. तो पुढं जबलपूरकडे कुठंतरी लागला असं कळलं.

संत्र्यांची तोड सुरू झाली तेव्हा कौसल्यानं मंडीत पेट्या भरायचं काम धरलं आणि मनकर्णालाही तिथं लावून दिलं. काम कष्टाचं होतं, हंगामापुरतंच होतं. गल्लीतून जाताना मनकर्णाला ओट्यावरच्या बायका बोलता बोलता थांबलेल्या दिसायच्या. ज्या पोरी तिच्याबरोबर झडतीला उभ्या राहिल्या होत्या, त्याच आता तिला सगळ्यात जास्त टाळायच्या. तिच्या एका वाक्यानं त्यांच्याही घरात प्रश्न उभे राहिले होते. एकीचं जमत आलेलं लग्न मोडलं होतं. ते कळलं त्या दिवशी मनकर्णा मंडीत जाऊनही काम न करता गवताच्या ढिगावर बसून राहिली.

"मी बोलायले नको होतं का वं?" तिनं कौसल्याला विचारलं.

कौसल्या पेटीत गवत पसरत होती. "मले काय विचारतं? तू बोलली नसती तर मी तुह्याशी बोलली नसती. पण त्या पोरीले विचारशील तर ती दुसरंच सांगन."

गिरिधर आला तो थंडीत, एका रविवारी. गोदूबाईंनी दोघांना ताट वाढलं आणि मागाच्या कांड्यांवर सूत भरायचं निमित्त करून शेजारी गेल्या.

"खाणीत माहीत झालं," भाकरी मोडत गिरिधर म्हणाला. "लोकं विचारतात."

"काय सांगता तुमी?"

"काही नाही सांगत."

मनकर्णानं त्याच्या ताटात भाजी वाढली. "तुमाले सांगितलं असतं तर तुमी मले घरी बसवलं असतं. अन् त्या माणसाले काही केलं असतं तर तुमीच तुरुंगात गेले असते. म्हणून नाही सांगितलं. आता राग असन तर असू द्या."

"राग त्याचा नाही," गिरिधर म्हणाला. "तुह्यावर रोज ते होत होतं अन् मी दर रविवारी येऊन जेवून जात होतो. मले काहीच दिसलं नाही."

मनकर्णानं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं सरकवला. त्याचं जेवण होईपर्यंत ती समोर बसून राहिली. संध्याकाळच्या एसटीला ती त्याच्याबरोबर चौकापर्यंत गेली. गल्लीतून दोघं शेजारी शेजारी चालले. ओट्यावरच्या बायका बोलायच्या थांबल्या, आणि या वेळी त्यानं त्यांच्याकडे सरळ बघितलं. गाडीत चढताना पुढच्या रविवारी येतो असं तो म्हणाला नाही. मनकर्णानंही विचारलं नाही.