तळ्याकडे तोंड केलेली पाटी

मी तळ्याकाठची पाटी बोलतेय. 'पाण्यात विषारी शेवाळ, उतरू नका' एवढंच माझ्यावर लिहिलंय. पण त्यापायी हेनरीकाचा दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. अक्षरं मोठी काढावीत तर गावाचा उन्हाळी सण बुडायचा, बारीक काढावीत तर कुणाचं तरी लेकरू दवाखान्यात जायचं. हेनरीका गावची आरोग्य निरीक्षक आणि सात वर्षांच्या लुमीची आई. शेवटी तिनं अक्षरं मध्यम काढली. तिचा हा स्वभाव माझ्यातही उतरलाय.

मला उभं केलं रैमोनं. तळ्यावरचं सौनाघर त्याचं, आणि वाफेत अंग शेकून पाण्यात उडी मारायला येणारे हेल्सिंकीचे पाहुणेही त्याचेच. त्यानं मला काठाच्या वाळूत खोचलं, तोंड मात्र तळ्याकडे. म्हणे, पाटी काठावर हवी एवढंच नियमात आहे. शिवाय काठावरच्याला कसला धोका? धोका पाण्यातल्याला, त्यानंच वाचावं. मला क्षणभर पटलंसुद्धा.

सणाच्या सकाळी एक मास्तर पोहत माझ्यासमोर आले. त्यांनी मला नीट वाचलं आणि अंग खाजवत बाहेर पडताना अक्षर सुवाच्य आहे म्हणाले. मी लाजले.

तेवढ्यात हेनरीका लुमीचा हात धरून आली. पाटी फिरवा, म्हणाली. रैमोनं आधी तिला कॉफी ओतली.

"अगं, खाजगी जागेतल्या पाटीला सरकारी माणसानं लेखी आदेशाशिवाय हात लावायचा नाही. तूच शिकवलंस ना मला एप्रिलात?"

तिनंच शिकवलं होतं. मग तिनं पाहुण्यांना तोंडी सांगून पाहिलं. त्यांनी माझ्या कोऱ्या पाठीकडे पाहिलं.

"धोका असता तर पाटीवर लिहिलं असतं की, पोरी," एक आजोबा समजुतीनं म्हणाले.

सौनाघराचं दार उघडलं. लालबुंद झालेली चार पोरं पाण्यात उडी मारायला लाकडी धक्क्याकडे निघाली. हेनरीका गुडघ्यावर कागद घेऊन आदेश लिहायला लागली. तारीख चुकली, खोडली, परत लिहिली. मी आपली तळ्याकडे बघत उभी. वाचकहो, पाटीला मान वळवता येत नाही, एवढं माझं समजून घ्या.

लुमीनं आईची बाही ओढली. आपण सरकारी आहोत का, असं तिनं विचारलं.

"मी आहे," हेनरीका मान वर न करता म्हणाली. "तू नाहीस."

लुमीनं दोन्ही हातांनी माझा खांब धरला.

"मग तू लिहीत बस, आई. मी फिरवते."