तारेची वाट पाहणारा लेथ

मित्रांनो, मी एक जुना लेथ आहे. लोखंडाची कांब माझ्या चकात, म्हणजे पोलादी जबड्यात, धरतात, ती गरगर फिरते आणि धारदार हत्यारानं तासून तिला हवा तो आकार देतात. निदान माझ्या जन्माचा हेतू तरी तो होता.

माझा जन्म राजकोटकडच्या एका ओतशाळेत झाला. १९७१ च्या मार्चअखेर मी बेंबळीच्या पुढं असलेल्या एका गावातल्या हायस्कुलात आलो. एवढी घाई का, तर एकतीस तारखेपर्यंत मला खरेदी केलं नसतं तर अनुदान परत गेलं असतं. मला उतरवून घेतलं, नारळ फोडला, हार घातला. मग मला फिरवायला वीज कुठं आहे, असं कुणीतरी विचारलं. गावात वीज होती, पण शाळेपर्यंत तार नव्हती. मी यंत्रांच्या अनुदानातून आलो होतो. तार आणि मोटर इमारतीच्या अनुदानातून यायची होती आणि ते मंजूरच झालं नव्हतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

दोन वर्षं मी पोत्याखाली उभा होतो. मला गंजाची फार भीती वाटते. पावसाळ्यात छपरातून पडणारा थेंब न् थेंब मी मोजायचो. टेक्निकलचे वीरभद्र गुरुजी दर शनिवारी मला तेलाचा हात फिरवायचे. वर्गातली आठ मुलं माझ्या भागांची नावं घडाघडा म्हणायची, पण मला फिरताना त्यांच्यापैकी कुणीच पाहिलं नव्हतं.

त्या आठ जणांत एक मुलगी होती, सत्यभामा. शिवणवर्गाचं अनुदान आलं नाही, म्हणून ती इकडं आली. पोरं हसली. पण मापात तिचा हात कुणी धरत नसे. तिची आई चांगुणा भीमनगरात राहायची आणि दुष्काळी कामावर खडी फोडायची.

१९७३ च्या मार्चमध्ये वरून पत्र आलं. या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याची परीक्षा शाळेच्या चालू यंत्रावर झाली पाहिजे, नाहीतर वर्ग बंद होईल आणि यंत्र दुसरीकडे हलवलं जाईल. गुरुजींनी पत्र तीनदा वाचलं. मला जाण्याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठी धास्ती सत्यभामेची होती. वर्ग बंद झाला की तिच्याही हातात हातोडा येणार होता. चांगुणानं खडीच्या कामावर तिच्यासाठी एक जागा धरूनही ठेवली होती.

शाळेमागं, माझ्या खिडकीला लागूनच, तात्यारावांचा मळा होता. विहिरीचा तळ दिसत होता आणि तिच्यावरचं डिझेल इंजिन सहा महिने गप्प पडलं होतं. गुरुजी ते मागायला गेले. हेडमास्तर घाबरून मागोमाग आले.

"गुरुजी, सरकारी मशिनीला खाजगी इंजिन जोडायचं, तर परवानगी नको?" हेडमास्तर म्हणाले.

तात्यारावही कचरले. "उद्या काय बिघडलं तर माजं इंजिन जप्त करतील. मंग पाऊस पडल्यावर म्या काय करू?"

चांगुणा पत्राचं विचारायला शाळेत आली होती, तीही त्यांच्यामागून मळ्यात येऊन उभी होती. ती म्हणाली, "तार सरकारनं दिली न्हाय. आन तार न्हाय म्हणून पोरांना नापास बी सरकारच करणार व्हय? तुमी घाबरा, आमी घाबरतो. पोरींनी काय करावं तेवढं सांगा."

तात्याराव इंजिनाचे नट सैल करायला बसले. दुसऱ्या दिवशी बैलगाडीतून इंजिन आलं.

इंजिनावरून माझ्यावर पट्टा चढला आणि जन्मानंतर पहिल्यांदा मी नीट फिरलो. खरं सांगतो, आनंदापेक्षा भीतीच जास्त होती. सारखं वाटायचं, आता काहीतरी तुटणार.

परीक्षेच्या दिवशी बाहेरगावचे परीक्षक आले. सात मुलांचं काम पार पडलं. सत्यभामा शेवटची होती. तिनं कांब चकात धरली, वरचा पहिला थर तासला आणि इंजिन धापा टाकून थांबलं. डिझेल संपलं होतं. पंप तेरा मैलांवर. परीक्षकांची एसटी तासाभरात.

सत्यभामा हत्याराची मूठ धरून तशीच उभी राहिली. 

तात्याराव पुढं झाले. "इंजिनाचा वाल, ती हवेची झडप, उचलून धरला की चाक हातानं बी फिरतं. पर एकल्याचं काम न्हाय."

चांगुणानं पदर खोचला आणि ती पलीकडं जाऊन उभी राहिली. गुरुजींनी वाल उचलून धरला आणि त्या दोघांनी मिळून चाक ओढलं. मी हळूहळू फिरू लागलो. सत्यभामा केसाएवढं लोखंड काढत गेली. दोघांच्या कपाळावरून घाम गळत होता आणि मी मनात म्हणत होतो, अजून थोडं. परीक्षकांनी कांब मोजली, पुन्हा मोजली. "मापात आहे," ते म्हणाले. तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला.

वर्ग वाचला. सत्यभामा पास झाली आणि पुढं शिकायला सोलापूरला गेली. इथंच गोष्ट संपली असती, तर किती बरं झालं असतं.

परीक्षकांनी आमचं कौतुक करणारा अहवाल लिहिला होता. तो कचेरीत वाचला गेला आणि विजेच्या फायलीवर शेरा पडला: यंत्र विजेशिवाय चालत असल्याने जोडणीची निकड नाही. फाईल बंद.

जूनमध्ये पाऊस झाला. विहिरीला पाणी आलं, गाव हरखलं. तात्याराव ओशाळून आले आणि इंजिन घेऊन गेले. त्यांचं काय चुकलं? त्या पावसानं दुःखी झालेला गावात मी एकटाच असेन.

आज दहा वर्षं झाली. मी पुन्हा पोत्याखाली आहे, परीक्षा तोंडीच होते आणि मुलं अजून माझ्या भागांची नावं घडाघडा म्हणतात. मित्रांनो, तुमच्या शाळेतही पोत्याखाली झाकलेलं एखादं यंत्र असेल. त्याला हार घालू नका. ते शेवटचं कधी फिरलं, एवढं फक्त विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.