वाकडी कडी

बायको जाऊन चार महिने झाले होते आणि एवढ्या दिवसांत घरात पहिल्यांदाच मोठ्यानं भांडण चाललं होतं. नळवाल्याला खरं तर बरं वाटत होतं. पण ते दाखवायची सोय नव्हती, कारण भांडण त्याच्याशीच होतं.

"भाऊजी, राग मानू नका, पण ही साखळी पितळेची आहे," मेव्हणी म्हणाली. ही बायकोची थोरली बहीण. मागच्याच गल्लीत राहायची, दुपारी एक चक्कर टाकायची आणि चपला काढता काढताच काहीतरी चूक काढायची.

"ताई, मला पितळ ओळखता येत नाही होय?"

"तेच तर म्हणते! जन्मभर पितळेच्या तोट्या बसवल्यात, आणि बायकोला साखळी घेताना डोळे कुठं गहाण ठेवले होते?"

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी नळवाल्याला एका बांधकामावर एक माणूस भेटला होता. अडचणीत आहे म्हणाला, अर्ध्या किमतीत साखळी दिली. नळवाला उड्या मारत घरी आला. पहिल्याच उन्हाळ्यात बायकोच्या मानेवर हिरवा पट्टा उठला. "माझ्या अंगातच उष्णता फार," ती म्हणाली आणि त्यानं मान डोलावली. तीन-चार उन्हाळे तसं झालं, मग थांबलं. उष्णता कमी झाली असेल, असं धरून तोही विसरला.

आता रविवारी लेक येणार होती. आईच्या सगळ्या वस्तूंमधून तिनं एवढी साखळीच मागितली होती. पितळ निघालं तरी लेक काही म्हणाली नसती. नळवाल्याला टोचत होतं ते वेगळंच. आपण फसलो आणि तीस वर्षं तिच्या गळ्यात पितळ बांधून ठेवलं, असं असेल तर आता माफी कुणाची मागायची?

"चावून बघा," मेव्हणी म्हणाली. "सोन्यावर दात उमटतो."

"दात माझे कुठं आहेत? कवळी आहे. कवळी मोडली तर ती भरून कोण देणार, तुम्ही?"

त्यानं हत्यारांच्या पिशवीतून चुंबक काढलं. फटीत पडलेले स्क्रू उचलायला दांडीला लावलेलं असतं ते. साखळीवरून फिरवलं. साखळी हलली नाही. तो मेव्हणीकडे ऐटीत बघणार, तेवढ्यात साखळीचा फासा टक्कन चुंबकाला जाऊन चिकटला.

"अगंबाई!" मेव्हणी टाळी वाजवून म्हणाली. "पितळसुद्धा नाही, लोखंड!"

त्या दिवशी नळवाला जेवला नाही. सकाळी साखळी रुमालात बांधून तो बाजारातल्या सोनाराकडे गेला.

दुकान म्हणजे एक बोळच होता. काचेचं टेबल, मागं छोटी भट्टी, आणि बंद पंखा. "पंखा लावला की काटा हलतो," सोनार घाम पुसत म्हणाला. वय झालेला, डोळ्याला भिंग चिकटवूनच जन्मल्यासारखा माणूस. त्यानं चुंबकाची हकीकत ऐकली आणि हसू दाबलं.

"फाशात स्प्रिंग असते हो. ती पोलादाचीच. सोन्याची केली तर एकदा दाबली की दबलेलीच राहील."

नळवाल्याला स्वतःचाच राग आला. स्प्रिंगचं काम त्याला कोण शिकवणार? सोनारानं साखळी काळ्या दगडावर घासली, पिवळी रेघ उठली, तिच्यावर ॲसिडचा थेंब सोडला. रेघ तशीच राहिली. मग त्यानं साखळी एकदा अशीच तोलली आणि एकदा पाण्यात लोंबकळत ठेवून तोलली. कागदावर काहीतरी भागाकार केला.

"सोनं आहे. चांगलं बावीस कॅरेट."

"शक्य नाही," नळवाला म्हणाला.

"अहो, लोक माझ्याशी खरं आहे म्हणून भांडतात. खोटं आहे म्हणून भांडणारे तुम्ही पहिलेच."

"पण मान हिरवी व्हायची तिची! आणि साखळी तीच आहे, बदललेली नाही. ही कडी बघा, फाशाजवळची. घेतली त्याच वर्षी तुटली होती, मी पकडीनं जोडली. वाकडीतिकडी आहे ना? हे माझंच काम."

सोनारानं कडी भिंगाखाली धरली. बराच वेळ बघितलं. मग भिंग काढून टेबलावर ठेवलं.

"हे तुमचं काम नाही," तो म्हणाला. "हे माझं आहे."

"म्हणजे?"

"वहिनी कशा आहेत?"

"गेली. चार महिने झाले."

सोनारानं साखळी परत रुमालावर ठेवली. "मग सांगायला हरकत नाही. त्या पितळेची साखळी घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, अगदी अश्शी सोन्याची करा, नवऱ्याला कळता कामा नये. वाकडी कडीसुद्धा तशीच हवी. मी दोनदा केली, दोन्ही वेळा त्यांनी परत दिली. म्हणाल्या, फार नीट झालीय, ह्यांच्या हातची वाटत नाही. शेवटी मी पकड डाव्या हातात घेतली. सगळ्या आयुष्यात एवढं वाईट काम मी केलं नाही, आणि त्याचीच तेवढी वाहवा झाली!"

"सोनं कुठून आणलं तिनं?"

"आईच्या कुड्या वितळवल्या. चांगल्या जाड होत्या."

नळवाला ताडकन उठला. "कुड्या? त्या तर मोरीत वाहून गेल्या होत्या!"

वाहून कसल्या जातात! बायको तसं म्हणाली होती खरं. नळवाल्यानं तीन दिवस मोरीचा पाइप उखडला होता, बाहेरच्या गटारापर्यंत फरशी फोडली होती, कोपरापर्यंत हात घालून चिखल चाळला होता. आणि ती शेजारी बॅटरी धरून उभी होती. "जाऊ द्या हो आता, राहू द्या," म्हणत होती. त्याला वाटलं होतं, किती समंजस बाई.

घरी जाईपर्यंत तो रस्त्यानं मोठमोठ्यानं बोलत होता. "शहाणी! एका शब्दानं सांगता येत नव्हतं?" समोरून येणारा पाववाला सायकल घेऊन बाजूला झाला. तीस वर्षांच्या संसारातलं एवढं मोठं भांडण करायचं राहून गेलं होतं, आणि समोर ऐकायला माणूस नव्हतं.

मेव्हणी पायरीवर बसलेली होती. "काय निघालं?"

सोनं आहे, एवढं सांगून मोकळं होता आलं असतं. तिचं तोंडही बंद झालं असतं. पण मग फसलो ते झाकून ठेवायचं, आणि झाकायला आता तो एकटाच उरला होता. एकट्यानं ते होईना. तो तिच्या शेजारी पायरीवर टेकला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं.

मेव्हणीनं सगळं ऐकलं. मग पदर तोंडाला लावला. नळवाल्याला वाटलं, रडतेय.

"मला पण नाही सांगितलं," ती म्हणाली. ती रडत नव्हती, भयंकर चिडली होती. "आईच्या कुड्या हरवल्या म्हणून मी दोन वर्षं बोलत नव्हते तिच्याशी! सख्ख्या बहिणीशी! तरी तोंड उघडलं नाही. असली कसली बाई!"

"हट्टी."

"लबाड."

"बॅटरी धरली हो तिनं, ताई. तीन दिवस."

"लहानपणीसुद्धा अशीच होती. मेली..." म्हणताना ती अडखळली.

मग मेव्हणीनं हात पुढं केला. नळवाल्यानं साखळी तिच्या तळव्यावर ठेवली. तिनं मूठ वरखाली करून बघितली.

"जड आहे," ती म्हणाली. "आईच्या कुड्यांनी कान ओघळले होते आईचे."

"रविवारी पोरीच्या गळ्यात तुम्हीच घाला."

"आणि पोरीला काय सांगायचं? पहिल्यापासून सोन्याचीच होती म्हणून?"

नळवाल्यानं विचार केला. लेक हसणार, मग जावयाला सांगणार, मग जावई पुढची वीस वर्षं प्रत्येक जेवणात बांधकामावरच्या त्या माणसाची आठवण काढणार.

"नाही," तो म्हणाला. "सगळं सांगा. मला कसं फसवलं, त्यापासून सुरू करा. मी मध्ये बोलणार नाही."

"तुम्ही?" मेव्हणी म्हणाली. "मध्ये बोलणार नाही?" आणि चहा टाकायला आत गेली.