तान्हुल्याचं वळण

"दुसऱ्याच्या चष्म्याला बोटं लावू नयेत, एवढंसुद्धा कळत नाही लोकांना," भाऊजी काच पुसत पुटपुटले. चष्मा त्यांचाच होता, बोटंही त्यांचीच.

मी शेजारी बसून पडद्यावर ताऱ्याच्या आजच्या जागेचा ठिपका लावत होते. नवरा गेल्यावर या धाकट्या दिरांनी मला वेधशाळेत बोलावलं. म्हणाले, "वहिनी, नुसते ठिपके तर लावायचेत." त्याला चौदा वर्षं झाली. बाकीचं मी बघूनबघून शिकले.

आकाशगंगेच्या मधोमध एक कृष्णविवर आहे. त्याच्या ओढीत ताऱ्याला जन्मायला उसंत मिळू नये; तरी एक कोवळा तारा अगदी दाराशी फिरतो. भाऊजी त्याला तान्हुला म्हणत. "राक्षसाच्या उंबऱ्यावर पाळणा बांधला कुणी?" हा त्यांचा जन्माचा प्रश्न. तान्हुला विवराला घसटून वळताना एकदा पकडला, की उत्तराचा धागा सापडणार होता. त्यापायी त्यांनी बढती नाकारली. आमच्या ठिपक्यांच्या हिशोबाने वळण या महिन्यात होतं. पुढचं तीस वर्षांनी. भाऊजी एकसष्ट वर्षांचे.

आणि तान्हुला वळेना. ओळखीचं घर लागूनही पुढे जाणाऱ्या नातलगासारखा सरळ चालला होता.

"हवा खराब आहे," भाऊजी म्हणाले.

"कॅमेरा तापला असेल," म्हणत दुर्बिणीचा मिस्त्री घट्ट बसलेलाच स्क्रू पुन्हा आवळायला लागला. त्याने जुन्या प्रतिमा काढून पाहिल्या होत्या. मीही पाहिल्या होत्या. भाऊजींनी पाहिल्या नसतील असं नाही. उगाच का कुणी चष्मा इतका पुसतो?

मी इथे आल्याच्या सातव्या वर्षी तान्हुला आणि दुसरा एक तारा एकमेकांवरून गेले. हंगामभर दोघांचा मिळून एकच डाग दिसायचा. सुटे झाले तेव्हा तान्हुल्याच्या खुणेचं लाल कडं मी त्यातल्या एकावर ठेवलं. तेव्हापासून आम्ही परक्याचं पोर मोजत होतो.

"उद्याचा ठिपका वळेल बघा, वहिनी."

"चहा निवतोय, भाऊजी."

"वळेल ना?"

स्क्रूचा आवाज थांबला.

"नाही वळणार," मी म्हटलं. "हा तान्हुला नाहीच. कडं चुकीच्या ताऱ्यावर ठेवलं ते मीच. आपला वळून गेला."

"केव्हा?"

"दोन वर्षांपूर्वी. वळण स्वच्छ दिसावं म्हणून आरशाला नवा मुलामा द्यायला आपण दुर्बीण चार महिने बंद ठेवली ना, तेव्हा."